बॅटरी लगेच बदलू नकोस

रत्नागिरी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ होतं आणि पुढे काही नाही. मेकॅनिक नवी बॅटरी घ्या म्हणतो. आज घेऊ नकोस. हीच चूक मी याच गाडीवर केली होती आणि ती तुला भोवली.

२००९ साली, तुझी चौथीची स्कॉलरशिप होती तेव्हा, आठवडाभर गाडी अशीच अडत होती. मी आधी नवी बॅटरी घातली, मग स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, खोलून तिचे ब्रश बदलून घेतले. दोन दिवस बरी चालली. परीक्षेच्या सकाळी तू पॅड मांडीवर घेऊन बसलीस, मी किल्ली फिरवली, आणि टक्. रिक्षाने गेलो. वाटभर तू एक शब्द बोलली नाहीस, ते मला अजून लागतं.

दुपारी नाक्यावरचे म्हातारे वायरमन घरी आले. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंही नाही. मला चार-पाच वेळा सेल्फ मारायला लावला, मग खाली बोलावून माझा हात क्लचच्या केबलवर ठेवला. केबल चांगलीच तापली होती! “करंटला परतायला वाट नाही, म्हणून इथून जातोय,” म्हणाले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा बॉडीशी धड संबंध नसतो. स्टार्टरने घेतलेला शंभर-दीडशे अँपिअर करंट परत यायला अर्थिंगची एक जाड, विणलेली पट्टी असते. ती आमच्या खाऱ्या हवेने हिरवी पडली होती आणि बोल्टापाशी चार-सहा तारांवर लोंबत होती. त्यांनी नवी पट्टी टाकली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू.

त्या चार-सहा तारांनीच मला फसवलं होतं. दिवे लागत, हॉर्न वाजे, धक्का मारला की गाडी सुरूही होई, कारण या सगळ्याला करंट थोडाच लागतो. गाळाने भरलेल्या पाइपाचं असंच असतं. नळ बंद असताना दाब पुरेपूर दिसतो, नळ पूर्ण सोडला की धार बारीक. म्हणून वायर तपासायची ती सेल्फ मारतानाच. गाडी नुसती उभी असताना मीटर लावलास तर एक तार शिल्लक असली तरी तो सगळं ठीक सांगेल.

माझा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, कुरिअरने पाठवला आहे. तो येईपर्यंत रात्री हेडलाइट लावून किल्ली फिरवून बघ. दिवे विझायला आले तर बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल सैल असेल. दिवे लख्ख राहून टक् एवढंच झालं तर जाड वायर नाहीतर स्टार्टर. टक्‌सुद्धा नाही, तर किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइडची (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचची) बारीक वायर.

मीटर आला की आधी नुसती बॅटरी बघ. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घे. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि मैत्रिणीला सेल्फ मारायला सांग. त्या वेळी बॅटरी ९.६ च्या खाली गेली तरच तिच्यावर संशय घे. नंतर मीटरची एक पिन मायनसच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धर. वायरच्या क्लॅम्पवर नको, खुंटावरच, कारण कधी कधी दोष त्या दोघांच्या मधेच असतो. सेल्फ मारताना ०.२ पर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग गेलं समज. त्या दिवशी आपल्या गाडीत ५ व्होल्ट तिथेच अडकत होते. प्लसकडे खुंटापासून स्टार्टरच्या बोल्टापर्यंत असंच बघ, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.

टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धू. वायर काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हातातली अंगठी काढून ठेव, हे विसरू नकोस.

सगळे आकडे कागदावर लिही आणि मला फोटो पाठव. रात्री कितीही वाजले तरी मी जागा आहे.

तुझे,
बाबा