जिनिंगमध्ये टाकलेली नेटवर्क केबल बदलून द्या

प्रति,
मॅनेजर साहेब, तक्रार विभाग

साहेब नमस्कार,

आमची जिनिंग-प्रेसिंग घाटंजी तालुक्यात आहे, जिल्हा यवतमाळ. मागच्या दसऱ्याआधी तुमच्या लोकांनी कॅट सिक्स नेटवर्क केबलचे 305 मीटरचे दोन खोके इथं टाकले, आठ कॅमेरे, वजनकाट्याचं कॉम्प्युटर अन् प्रेसच्या पॅनलपर्यंत लाइन. सर्व्हेला आलेल्या पोराला मी स्वतः फिरवून दाखवलं, बापा इथं रुईची धूळ उडते, मोठ्या मोटरी चालतात, मे महिन्यात टिनाखाली उभं राहवत नाही, तर तो म्हणे काका केबल ती केबलच, सगळीकडे हेच चालते.

नाही चालत ना पण.

कापूस यायला लागला अन् नाटक सुरू झालं. दिवसा कॅमेरे बरोबर, सांज झाली की मागच्या गेटचे दोन बंद, सकाळी आपोआप चालू. म्हणजे चोर यायच्या टाइमलाच आंधळे. तीन महिने तुमचा फोनवरचा माणूस म्हणून राहिला की तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. शेवटी माझ्या भाच्यानं तुकडा कापून तार ब्लेडनं खरवडली, वरून तांबं अन् आतून पांढरी फटक, अॅल्युमिनियम! कॅमेऱ्याची पॉवर याच केबलातून जाते, रात्री त्याचे इन्फ्रारेड लाइट लागले की करंट जास्त ओढते, अन् ही तार त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपट अडवते, मग टोकाला पोहोचेल काय? बिलात मात्र कॉपर लिहून पैसे घेतले.

काट्याचं तर त्याहून वाईट. काटाघर ते ऑफिस मी टेपनं मोजलं, 140 मीटर. तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड म्हणजे जोडायच्या लहान वायरी धरून, हे पोराला माहीत नव्हतं का मोजायचा कंटाळा आला? वरून ती प्रेसच्या मोटरच्या थ्री फेज वायरीसोबत एकाच ट्रेमध्ये टायनं आवळून बांधली, शिल्डवाली, म्हणजे मोटरचा त्रास अडवणारं धातूचं कव्हर असलेली, पण नाही. मोटर चालू केली की काट्याचं कॉम्प्युटर लटकलंच. जानेवारीत रोडपर्यंत ट्रॅक्टर अन् बंड्या लागल्या होत्या, काट्यावर वजन दिसून राहिलं पण पावती निघेना, मुनीमजी वहीत हातानं लिहीत बसले, अन् लोकं समजले आम्ही काट्यात काही करून राहिलो. गावात हे किती दिवस बोलतात तुम्हाले काय माहीत.

टिनावरून नेलेली घरात टाकायची पीव्हीसी केबल एका उन्हाळ्यात भुरकी पडली, बोटानं वाकवली तर कव्हर तडकते. बाहेर काळ्या पॉलिथिनच्या कव्हरची लागते हे मला आता समजलं, तुम्हाले आधीच माहीत असायला पाहिजे होतं.

तर आता काटाघर अन् प्रेसपर्यंत आर्मर्ड फायबर टाका, म्हणजे मजबूत कव्हरची काचेच्या तारेची केबल, त्यातून उजेड जाते, मोटरचा त्याला काही त्रास नाही. बाकी लहान लाइनी शुद्ध तांब्याच्या, शिल्ड अर्थिंगला जोडून, वेगळ्या ट्रेमधून, अन् जोड बंद डब्यात, म्हणजे आत रुई जाणार नाही. टाकल्यावर मशीन लावून प्रत्येक लाइनचा टेस्ट रिपोर्ट पाहिजे, लॅपटॉपवर चालू करून दाखवलं म्हणजे झालं असं नाही. मजुरी अन् तांब्याची केबल तुमची, फायबरचा वरचा खर्च मी देतो, तेवढं मलेही समजते.

दसऱ्याच्या आत काम पाहिजे, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. हातभर तुकडा पाकिटात टाकला आहे, तुमच्या इंजिनियरला ब्लेड देऊन पाहा.

आपला,
जिनिंगचा मालक