कॅमेरा आणा, पण आधी ती पी-वन पी-टूची पाटी दिसू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली जिकडे तिकडे ऐकतोय की नो पार्किंगसाठी आता पोलिसाने पावती पुस्तक घेऊन फिरायची गरज नाही, कॅमेरा नंबर प्लेट वाचणार, सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या गाड्यांच्या नोंदणीतून मालक काढणार आणि चलन डायरेक्ट मोबाईलवर. मी याच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. पेठेत माझं मेडिकलचं दुकान आहे आणि माझ्या शटरसमोर गाडी आडवी लावून लोक तासन् तास लक्ष्मी रोडला खरेदीला जातात ते मी रोज बघतो. टोइंगचा टेम्पो आला की पाच मिनिटं नुसती पळापळ, टेम्पो कोपऱ्यावरून वळला की पुन्हा जैसे थे. कॅमेऱ्याला निदान "मी अमक्या साहेबांचा माणूस" हे ऐकू येत नाही, तेवढा तरी फायदा आहे.

पण कॅमेऱ्याला नंबर सोडून दुसरं काही कळतही नाही ना. आमच्या गल्लीत पी-वन पी-टू आहे, म्हणजे विषम तारखेला एका बाजूला गाड्या आणि सम तारखेला समोर. त्याची पाटी माझ्या दुकानाजवळच्या खांबावर आहे, आहे म्हणजे होती म्हणा, कारण गंजून पी पुढचा आकडा गेलाय आणि त्यावर कुठल्याशा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले तरी तसाच लटकलेला. दिवसातून दहा जण तरी विचारतात, काका आज कुठली बाजू, मग मी काउंटरमागच्या कॅलेंडरकडे बघून सांगतो. मागे सासवडहून एक जण वडिलांना दवाखान्यात दाखवायला आले होते, त्यांना बिचाऱ्यांना पी-वन पी-टू म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

बरं रात्रीचं काय? दहा तारखेला रात्री योग्य बाजूला लावलेली गाडी बारा वाजून एक मिनिटाने चुकीच्या बाजूला जाते, गाडी जागची हललेली नसताना. हवालदार काही मध्यरात्री येत नाही म्हणून आजवर चाललं, कॅमेरा कशाला झोपतोय! (३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, त्यामुळे वर्षातून सात रात्री तरी निवांत झोप.) बाजू किती वाजता बदलते ते पाटीवर लिहिलेलं नसेल तर ते मशीनने ठरवायचं का?

माझाच किस्सा सांगतो, शहराचं नाव घेत नाही. मागच्या वर्षी मला नो पार्किंगचं चलन आलं, ज्या गावी मी आयुष्यात गेलो नाही तिथलं. फोटो उघडून बघतो तर काळी मोटरसायकल, आणि माझी पांढरी स्कूटर. त्या मोटरसायकलच्या प्लेटवरचा तीन असा काही रंगवलेला की मशीनने त्याचा आठ वाचला आणि तो नंबर निघाला माझा. फोटो बघून माझ्या नातवालाही कळलं असतं की गाडी वेगळी आहे, पण चलन पाठवण्याआधी तो फोटो कुणी माणसाने बघितलाच नसावा. ऑनलाइन तक्रार केली, आरसी जोडली, स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो जोडले, दोन महिन्यांनी रद्द झालं. रक्कम ५०० च होती हो, पण कायद्यात पहिल्या वेळी ५०० आणि परत तोच गुन्हा केला तर १५०० पर्यंत आहे, म्हणजे दुसऱ्याची चूक माझ्या खात्यावर पहिली म्हणून राहिली असती तर पुढची मला तिप्पट महाग.

आपल्याकडे तर ४१४१ चं दादा, २१४ चं राम आणि ८०५५ चं बॉस करणारे पेंटर गल्लोगल्ली, मशीन काय वाचणार कप्पाळ. हाय सिक्युरिटी प्लेटने हे बरंच कमी होईल, एकसारखी अक्षरं, होलोग्राम, लेझरने कोरलेला कोड. मी दुचाकीचे ४५० अधिक जीएसटी भरून बसवून घेतली. आम्ही आमचं काम केलं, आता पाट्या लावणाऱ्यांनी त्यांचं करावं.

आणि हे मी पदरचं सांगत नाहीये. ऑगस्ट २०२१ ला केंद्राच्या मोटार वाहन नियमांत १६७-अ आला, कॅमेऱ्याने चलन करायच्या गुन्ह्यांत त्यात पार्किंगही आहे, पण त्याचबरोबर कॅमेरा प्रमाणित असावा, कॅमेरा आहे अशी पाटी त्या पट्ट्याच्या आधी दिसेल अशी लावावी, फोटोत गुन्हा आणि नंबर दोन्ही स्पष्ट दिसावेत आणि नोटीस १५ दिवसांत पोचावी हेही त्यातच आहे. म्हणजे सरकारलाही कळतंय की नुसता नंबर पुरत नाही.

माझी मेहुणी इंग्लंडमध्ये असते, तिकडे २०१५ पासून शाळा, बस स्टॉप अशा काही जागा सोडल्या तर कौन्सिलला कॅमेऱ्यावरून पार्किंगचा दंड पोस्टाने पाठवता येत नाही, आणि पैसे भरलेली वेळ संपल्यावर दहा मिनिटं सूट द्यावी लागते. आपल्याकडे तेवढं नको, पण दहा मिनिटांच्या अंतराने दोन फोटो काढून दोन्हीत गाडी तिथेच असली तरच चलन, एवढं तरी करता येईल. आईला हात धरून उतरवणारा आणि गाडी लावून पिक्चरला गेलेला, एका फोटोत दोघं सारखेच दिसतात. आणि पाठवण्याआधी एका माणसाने गाडीचा रंग तरी बघावा.

तो फ्लेक्स काल रात्री दुकान बंद केल्यावर मीच स्टुलावर चढून काढला. पी पुढचा आकडा मात्र मला रंगवता येणार नाही, उद्या माझ्यावरच सरकारी पाटी खराब केल्याची केस व्हायची.

आपला,
एक मेडिकलवाला, पुणे