दोन ओळींत उत्तरं बसत नाहीत, बाबा

पुणे
रविवार, संध्याकाळ

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

बाबा, तुमच्या वर्गासाठी चर्चच्या तरुण संघाच्या मुलांनी धर्माबद्दलचे प्रश्न लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो मिळाले. काहींचं अक्षर लागलं नाही, पण प्रश्न सगळे कळले. खाली तुम्ही लिहिलंय, ‘प्रत्येकाचं उत्तर दोन ओळींत दे, वहीत उतरवून घेतो.’ शाळेत आम्हाला गाइडला हात लावू द्यायचा नाहीत आणि आता माझ्याकडूनच गाइड मागताय! दोन ओळींत जमणार नाही. जमेल तसं लिहिते, पटेल ते वहीत घ्या.

वर्गाचं नाव तुम्ही ‘विश्वासाचे समर्थन’ ठेवलंय आणि फळ्यावर पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ लिहिणार आहात. लिहा. आपल्या मंडळीत त्या वचनाचा आधीचाच भाग पाठ असतो : उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा. ते सौम्यतेने द्या, हेही तिथेच आहे, पण ते कुणी जोरात म्हणत नाही. पेत्र ज्यांना लिहितोय ती माणसंही कुणी अधिकारपदावरची नव्हती, सोसणारी होती. मला वाटतं, आरोपात जेवढं खरं आहे तेवढं आधी कबूल करावं, मग जे उरेल त्यावर पाय रोवून उभं राहावं. पोरं मोबाइलवर सगळं वाचून आलेली असतात. एक गोष्ट झाकलीत, तर पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

उदाहरणार्थ, ‘गोव्यातलं इन्क्विझिशन खरं का?’ खरं. चर्चचं हे धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झालं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली. १६८४ च्या फर्मानाने लोकांना तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितलं. १७३६ च्या जाहीरनाम्याने लग्नातली गाणी, दारची तुळस अशा घरगुती गोष्टींवरही बंदी आणली. ह्यात सापडलेल्यांमध्ये मोठा भरणा बाप्तिस्मा घेतलेल्यांचाच होता. गुन्हा काय, तर जुनी चाल सोडली नाही. इथे आपल्याला एक पळवाट सुचते : ‘ते पोर्तुगीज, कॅथलिक, आपण अमेरिकन मिशनचे प्रॉटेस्टंट.’ कृपा करून ती घेऊ नका. ज्याचं नाव आपण घेतो त्याच्याच नावाने ते झालं. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या गतकाळच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. मग आपल्याला एवढं अवघड का वाटावं?

त्याच गोव्यात, त्याच सत्तेखाली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू मराठी शिकला आणि त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मुलांना हेही सांगा, पण इन्क्विझिशनची भरपाई म्हणून नको. दोन्ही गोष्टी घडल्या आणि एकीने दुसरी फिटत नाही.

‘परका धर्म’ ह्या चिठ्ठीवर फार वेळ घालवू नका. बेथलेहेम आशियात आहे आणि वास्को द गामा १४९८ मध्ये केरळात उतरला तेव्हा तिथे ख्रिस्ती लोक आधीपासून नांदत होते. पुरे एवढं. डायनासोरच्या, म्हणजे विज्ञान आणि बायबल जुळत नाहीत म्हणणाऱ्या चिठ्ठीवर त्याहून कमी. विश्व एका अतिघन आरंभापासून प्रसरण पावत आलं, ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, एवढं ऐकलं की मुलं जरा थांबतील. (पाळकसाहेबांशी ह्या विषयावर वाद घालू नका. तुम्हाला तो जिंकता येणार नाही आणि त्यांना तो सोडता येणार नाही.)

मला सगळ्यात जास्त बोचली ती ‘दुष्काळात पोटासाठी बाटलेले’ ही चिठ्ठी. कुणीतरी कॉलेजात ऐकून आलंय, दुसरं काय. बाबा, तुमचे आजोबा छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या बोर्डिंगात आले, हे आपण घरात अभिमानाने सांगतो आणि बाहेर दबक्या आवाजात. बाहेरही मोठ्याने सांगा. हो, त्यांना भाकरी मिळाली. भाकरी दाखवून कुणी कुणाचा धर्म बदलून घेतला असेल, तर ते पापच, तेही सांगा. पण भाकरी खाल्ली म्हणजे माणसाची अक्कल गहाण पडली, हे कुणी ठरवलं? आजोबा पुढे साठेक वर्षं जगले, पोट भरलेलं असतानाही उपासनेला जात राहिले. उलट, नारायण वामन टिळकांकडे बघा. चित्पावन ब्राह्मण, नावाजलेले कवी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घरसंसार दुरावला. त्यांना कुणी पोटासाठी गेले म्हणत नाही. तिथे म्हणतात, डोकं फिरलं. म्हणजे गरिबाने निवडलं तर भूक आणि ब्राह्मणाने निवडलं तर भ्रम. स्वतः विचार करून निवडलं, हे मान्यच नाही कुणाला.

आता आपली दुखरी बाजू. ज्या गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्या गावातून आपली माणसं आली, पण जात वेशीबाहेर ठेवून आली नाहीत. लग्नं जुळवताना ‘पूर्वीचे कोण?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर सविस्तर लिहिलंय, आणि धर्मांतरानंतरही जात सुटली नाही हा त्यांचा आक्षेप होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपुरात बौद्ध झाले, आपल्याकडे आले नाहीत. त्याला त्यांची इतर कारणं होतीच, पण आपण दिलेलं कारण आपण लपवू नये.

ह्यालाच लागून ती निनावी चिठ्ठी आहे : ‘दाखल्यावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती, हे खोटं नाही का?’ बाबा, ही चिठ्ठी वाचून तुम्ही बाजूला ठेवणार, हे मी इथून सांगू शकते. ठेवू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलिताला आजही नाही. २०२२ मध्ये केंद्राने ह्या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. जातीने दिलेले चटके धर्म बदलला म्हणून थांबत नाहीत, पण सवलत थांबते. मग आई-बाप मुलाच्या शिक्षणासाठी जुना दाखला जपून ठेवतात.

ह्या मुलाला तुम्ही काय सांगाल? मी बायबलातलं दुसरे राजे, अध्याय ५ उघडलं. परदेशी सेनापती नामान कुष्ठातून बरा होऊन इस्राएलाच्या देवाला मानायला लागतो आणि जाता जाता संदेष्टा अलीशाला म्हणतो : माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची परमेश्वराने क्षमा करावी. अलीशा त्याला झापत नाही. शाबासही म्हणत नाही. ‘शांतीने जा’ म्हणतो. नामानही आपलं वागणं बरोबर आहे असं म्हणत नाही, तो क्षमा मागतो. मला वाटतं, त्या मुलाला खोटारडा म्हणण्याचा हक्क वडिलोपार्जित जमीन आणि सरकारी पेन्शन असलेल्यांना तरी नाही. पण ‘त्यात काय एवढं’ असंही म्हणू नका. त्याला ते टोचतंय म्हणून तर त्याने लिहिलंय.

आई, पुढचं तुझ्यासाठी. ‘देव चांगला आहे तर किल्लारी का?’ ही चिठ्ठी लिहिणाऱ्याचा १९९३ मध्ये जन्मही झाला नसेल, तरी त्याने किल्लारीच निवडली. तुझं माहेर त्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपात जे झालं ते तू आम्हाला फारसं कधी सांगितलं नाहीस. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवदाचं वजन. माणसं झोपेतच गाडली गेली. दहा हजारांच्या जवळपास. तेव्हाही कुणी म्हणालं असेल की ही देवाची शिक्षा. असं म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाला लिस्बन दाखवायचं. १ नोव्हेंबर १७५५, सकाळ, सर्व संतांचा सण, चर्चं भरलेली आणि तेव्हाच धरणी हादरली. विसर्जन आटोपून झोपलेल्यांवर भिंती पडतात आणि मिस्सेला उभ्या असलेल्यांवरही पडतात.

पुस्तकी उत्तरं मला माहीत आहेत. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून दुष्टपणा आहे, हे खुनाला लागू पडतं. भूकंपाने कुणाचं स्वातंत्र्य वापरलं? हलणाऱ्या भूकवचाशिवाय पृथ्वी जगण्याजोगी राहिली नसती, असंही म्हणतात. खरं असेल. पण ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईला हे सांगायची माझी छाती होणार नाही. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र असंच सांगायला गेले होते. देवाची बाजू त्यांनी किती मुद्देसूद मांडली! आणि शेवटी देव रागावतो ते त्यांच्यावर. म्हणतो, माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. ईयोब तर सबंध पुस्तकभर देवाला जाब विचारत होता. बाबा, समर्थनाचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने हा शेवटचा अध्याय आधी वाचावा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा येशूनेही, ती इतरांहून पापी होती का, ह्या प्रश्नाला स्पष्ट नाही म्हटलं. ती का मेली ते मात्र सांगितलं नाही. माझ्याजवळही कारण नाही. आहे ते इतकंच की वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं विचारणारा आमचा प्रभू आहे. हा प्रश्न त्यालाही पडला, म्हणून तो विचारणाऱ्याला मी गप्प बसवत नाही.

यहोशवाच्या पुस्तकात देवाच्या आज्ञेने झालेल्या कनान देशातल्या कत्तलींवर मला समाधान देणारं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि ‘तो काळ वेगळा होता’ हे मला पुरत नाही. येशूला थारा न देणाऱ्या शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडू का, असं शिष्यांनी विचारल्यावर येशूने त्यांनाच धमकावलं. यहोशवा वाचताना मी तो प्रसंग शेजारी ठेवते.

‘माझे हिंदू मित्र नरकात जाणार का?’ ह्या प्रश्नापाशी मुलांचा आवाज बदलतो, कारण ते मित्र शेजारच्या बाकावर बसतात. आई, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या काकूंनी किती दिवस डबा पाठवला! त्यांच्याबद्दल निकाल द्यायला मला कुणी नेमलेलं नाही. ‘सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?’ असं अब्राहामाने देवालाच विचारलंय. मी तिथेच थांबते. तरीही ‘सगळे धर्म सारखेच’ असं मी म्हणत नाही. काकूही म्हणणार नाहीत. त्यांच्या एकादशीला आणि माझ्या प्रभुभोजनाला एकच गोष्ट म्हणणं म्हणजे दोन्हींकडे नीट न बघणं.

मग उभं कशावर राहायचं? पुनरुत्थानावर. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ, असं पौलाने करिंथकरांना ख्रि. स. ५५ च्या सुमाराला लिहिलं. आपला विश्वास कशाने खोटा ठरेल, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. त्याच अध्यायात त्याने साक्षीदारांची यादी दिली आणि त्यातले पुष्कळ अजून हयात आहेत असं म्हटलं, म्हणजे जा, विचारा. शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी पाहतात त्या बायका. ज्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, त्या काळात गोष्ट रचायची असती तर कुणी असे साक्षीदार रचले नसते. हा गणितासारखा पुरावा नाही. कोर्टात साक्षी तोलतात तसा तोलावा लागतो, आणि प्रामाणिकपणे तोलून कुणी नाही म्हटलं तर त्याच्याशी माझं भांडण नाही. मी तोलून हो म्हटलंय.

आणि ‘प्रश्न विचारणं पाप आहे का?’ ह्या चिठ्ठीला पंडिता रमाबाई पुरेत. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव), चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हेही विचारलं. इकडे १८९३ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदा सदनात मुलींना बाटवतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. दोन्हीकडून बोल खाल्ले; प्रश्न सोडले नाहीत आणि ख्रिस्तही सोडला नाही. पुढे केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं.

आता कामाचं. किल्लारीचा तास तुम्ही घेऊ नका, बाबा, आईला द्या. आई, तू ‘मला कुठे बोलता येतं’ म्हणशील. महिला मंडळात बोलतेस तसंच बोल, आणि नाहीच जमलं तर नुसती मुलांमध्ये बस आणि त्यांना विचारू दे. दाखल्याच्या चिठ्ठीवर काय बोलायचं ठरवलंत ते मात्र आधी फोन करून सांगा. समोर बसणाऱ्या निम्म्या घरांत तो दाखला कपाटात आहे, चर्चच्या पंचांच्याही घरात असेल. त्या दिवशी वर्गाला मोठी माणसं बोलावू नका, असं मला वाटतं. तुम्ही मुख्याध्यापक होता, तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं.

तुमची,
करुणा