दादरच्या गजरेवाल्या मावशी आणि त्या कॉलेजच्या मुलीचे आभार
मागच्या मंगळवारी संध्याकाळी दादरला फास्ट लोकलमधून उतरले आणि बॅग वरच्या रॅकवरच राहिली, लॅपटॉप, घराच्या चाव्या, हेडफोन सगळं त्यात. मला ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं ते) दोन्ही आहे, कळलं 34 व्या वर्षी (डीएसएम या निदानाच्या पुस्तकानुसार 2013 पर्यंत एकाच व्यक्तीला दोन्ही निदानं देताच यायची नाहीत). विसरणं एडीएचडीचं, आणि ठरलेलं बिघडलं की वाचा बंद होते ते ऑटिझमचं. जिन्याखाली कान दाबून बसले, शब्दच फुटेना. लोक काळजीनेच विचारत होते, खांद्याला हात लावत होते, पण त्याने अजूनच वाढत होतं.

तेवढ्यात मोगऱ्याची टोपली घेतलेल्या एक मावशी आल्या, "लांब व्हा जरा, श्वास घेऊ द्या पोरीला" म्हणाल्या आणि गर्दीकडे पाठ करून माझ्यासमोर बसल्या. काही विचारलं नाही, नुसता गजरा ओवत राहिल्या, एक कळी, गाठ, परत एक कळी, मी तेच बघत बसले, हळूहळू श्वास ताळ्यावर आला.

मग एका मुलीने मोबाइलवर नोट्स उघडून समोर धरल्या, "बोलू नका ताई, टाइप करा." मी गाडीची वेळ, लेडीज डबा, निळी बॅग एवढं लिहिलं, तिने 139 या रेल्वे हेल्पलाइनला फोन लावून सगळं सांगितलं. बॅग कल्याणला मिळाली. तो निरोप येईपर्यंत दोघी हलल्या नाहीत, मावशींची तर ऐन विक्रीची वेळ होती.

नावं विचारायची राहिलीच. मावशी, निघताना हातात दिलेला तो गजरा सुकलाय पण टेबलावर ठेवलाय. दोघींचे मनापासून आभार.