डबीच्या मागच्या बाजूला काय लिहिले आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उशिरा होणारी लग्ने आणि मातृत्व या विषयावरचा लेख आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. वय वाढते तशी बीजांडकोषांची क्षमता कमी होत जाते, हे लेखिकेने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात ‘स्त्रीबीजांची गुणवत्ता वाढवा’ असे सांगणारी गोळ्यांची एक जाहिरात होती. मी मिरजेत गेली २१ वर्षे औषधांचे दुकान चालवते. अशा दहाबारा प्रकारच्या गोळ्या माझ्याही काउंटरवरून जातात आणि त्यांवर मलाही नफा मिळतो, हे आधीच सांगून टाकते.

या गोळ्या मागायला येणाऱ्या बहुतेक जणींच्या मोबाइलमध्ये एएमएच या रक्ततपासणीचा रिपोर्ट असतो आणि त्यातला आकडा तांबड्या अक्षरांत असतो. बीजांडकोषातल्या लहान बीजपुटिकांमधून स्रवणारे हे संप्रेरक मोजले, की बीजांचा साठा साधारण किती उरला आहे याचा अंदाज येतो. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, करताना इंजेक्शनांची मात्रा ठरवायला डॉक्टरांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण उरलेली बीजे कशी आहेत, हे तो आकडा सांगत नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. हे कुणी न सांगितल्यामुळे तो तांबडा आकडा पाहून घाबरलेली मुलगी थेट दुकानात येते आणि ‘हा आकडा वाढवणारी गोळी द्या’ म्हणते.

वास्तविक हा साठा जन्मानंतर वाढतच नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोषांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी त्यांतल्या १० ते २० लाख उरतात आणि पाळी सुरू होईतो तीन-चार लाख. आयुष्यभरात प्रत्यक्ष परिपक्व होऊन बाहेर पडतात त्या जेमतेम ४०० ते ५००. बाकीच्या आपोआप विरून जातात. बाळंतपणे झाली किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, तरी ही गळती थांबत नाही. शिवाय हे बीज त्या स्त्रीइतक्याच वयाचे असते. गर्भावस्थेत अर्धवट थांबलेले त्याचे विभाजन काही दशकांनंतर पुढे सरकते, आणि तोवर गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. बाळात डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त आल्याने होणारा जन्मजात विकार, असण्याची शक्यता आईच्या पंचविशीत सुमारे १२५० मध्ये एक, तर चाळिशीत सुमारे १०० मध्ये एक असते, ती याच कारणाने. हे सैल झालेले बंध पुन्हा आवळणारी गोळी आजवर माझ्या दुकानात आलेली नाही.

या गोळ्यांत सगळे थोतांडच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. कोएन्झाइम क्यू-टेनचे उदाहरण घ्या. पेशीतल्या ऊर्जानिर्मितीशी त्याचा संबंध आहे, आणि वयस्क उंदरिणींवरच्या प्रयोगांत त्याचे परिणाम खरोखरच आशादायक होते. माणसांच्या बाबतीत काय झाले? चीनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयव्हीएफपूर्वी ६० दिवस हे औषध दिल्यावर हाती आलेल्या बीजांची संख्या वाढली. परंतु जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. शिवाय त्या सगळ्या स्त्रिया ३५ वर्षांखालच्या होत्या. जास्त वयाच्या, म्हणजे ३५ ते ४३ वयोगटातल्या स्त्रियांवरची कॅनडातली चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि ३९ जणींच्या माहितीवरून ठाम काहीच म्हणता आले नाही. तरीही माझ्याकडे या गोळ्या घेणाऱ्यांत सर्वाधिक संख्या अडतीस-चाळिशीतल्या बायकांचीच आहे. डीएचईएची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. ते जीवनसत्त्व नसून शरीरात पुरुषी आणि स्त्री संप्रेरकांत रूपांतरित होणारे संप्रेरक आहे. खेळाडूंना ते उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे. मुरुमे आणि चेहऱ्यावरची लव हे त्याचे दुष्परिणाम ठाऊक असूनही मैत्रिणीने सुचवले म्हणून ते मागणाऱ्या मला भेटतात.

केस आणि त्वचेसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन या ब-जीवनसत्त्वाची मात्रा मोठी असते, आणि त्यामुळे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात, हेही जाता जाता नोंदवते. रक्त देण्याआधी आपण काय काय घेतो आहोत, हे डॉक्टरांना सांगावे.

याउलट जिच्याविषयी शंकेला जागा नाही ती फोलिक ॲसिडची गोळी काही रुपयांत मिळते. तिने बीजाचे वय कमी होत नाही. पण बाळाच्या मेंदूतले आणि कण्यातले बरेचसे जन्मजात दोष टळतात, हे १९९१ सालीच सिद्ध झाले आहे. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न सुरू केल्यापासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे लोहाच्या गोळीचीही तीच कथा. या दोहोंची जाहिरात मात्र आपल्या पुरवणीत मला कधी दिसली नाही.

आता डबीच्या मागच्या बाजूकडे वळते. तिथे बारीक अक्षरांत १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते, कारण कायद्याच्या दृष्टीने ही गोळी अन्न आहे. औषधाला लागू असलेले किंमत नियंत्रण तिला लागू नाही, आणि बाजारात येण्यापूर्वी रुग्णांवरच्या चाचण्यांतून गुण सिद्ध करण्याचे बंधनही नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात स्त्रियांचे वंध्यत्व स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे ते बरे करतो अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. गोळीला अन्न म्हटले आणि ‘वंध्यत्व’ऐवजी ‘गुणवत्ता’ हा शब्द वापरला, की पळवाट सापडते. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी, पण त्यासाठी आधी ती जाहिरात कुणाच्या तरी लक्षात यावी लागते.

पैशांपेक्षा मला चिंता वाटते ती महिन्यांची. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून, आणि चाळिशी ओलांडली असेल तर न थांबताच तज्ज्ञांकडे जावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. ‘तीन महिन्यांचा कोर्स’ दोनदा-तीनदा घेण्यात वर्ष निघून जाते, आणि दरम्यान गर्भनलिका बंद आहेत का, हे कुणी पाहिलेलेच नसते. आपल्याकडे जननमार्गाच्या क्षयाने त्या बंद झालेल्या असणे मुळीच दुर्मीळ नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का, असे विचारले तर कित्येकदा सोबत आलेल्या सासूबाईच उत्तर देतात, “त्याला काय झालंय?” मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष एकमेव किंवा जोडीचे कारण असतो.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. अशी जाहिरात स्वीकारताना डबीमागची ती सूचना जाहिरातीतही मराठीत, दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी, आणि आरोग्यविषयक लेखाच्या पानावर ती लावू नये. माझ्या काउंटरवर मी गेल्या महिन्यापासून ती सूचना मराठीत लिहून चिकटवली आहे. दोन घाऊक विक्रेत्यांनी ती काढायला सांगितले. ती अजून तिथेच आहे.

आपली,
एक औषधविक्रेती, मिरज