गोळ्या पोचल्या, साहेब

माननीय कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोगलगायी मारायच्या गोळ्या काल आमच्या गावात आल्या. आभारी आहे. माझं तीन एकर सोयाबीन त्याच्या चौदा दिवस आधीच संपलं होतं. मे महिन्यातल्या बैठकीत शब्द मिळाला होता, "पहिल्या पावसाआधी औषध बांधावर." टाळ्या आम्हीच वाजवल्या.

चौदा दिवसांनी काय बिघडतं, असं खात्याला वाटत असेल. म्हणून सांगतो. ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, 1847 साली मॉरिशसहून कोलकात्यात आलेली. उन्हाळाभर दगडाखाली शंखाचं तोंड पापुद्र्यानं बंद करून पडते, दमदार पाऊस झाला की उठते. यंदा, 2025 साली, पाऊस मेमध्येच झाला. नर आणि मादी तिच्या एकाच अंगात. दोघींची गाठ पडली की दोघीही अंड्यावर येऊ शकतात, आणि मिळालेलं बीज अंगात साठवून पुढं कित्येक महिने एकटीनं भागवतात. ओल्या भुसभुशीत मातीत एका खेपेला शंभर ते चारशे अंडी, साबुदाण्यासारखी. साधारण आठ-पंधरा दिवसांत पिलं, तीही शंख घेऊनच. आधी स्वतःच्या अंड्याची टरफलं खातात, कारण शंख वाढवायला चुना लागतो. मग आमची दोन पानांवरची रोपं. सहा महिन्यांत तीही अंडी घालायला तयार.

माझ्या बांधावर पाचशे धरा, दोनशेच्या हिशेबानं एक लाख अंडी. हिशेब ढोबळ आहे, पण तुमच्या नजर अंदाजापेक्षा बरा. मातीतलं अंडं तुमची गोळी खात नाही, साहेब. गोळी अंडी घालायच्या आधी पडायला हवी होती.

गोळ्यांची वाट बघत आम्ही काय केलं? गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री सरीत टाकली. पहाटे चारला बॅटरी घेऊन मी, बायको आणि बारावीतली मुलगी हातमोजे घालून वेचायला. मिठाच्या पाण्याच्या बादल्या, आणि तो वास. आठवडाभर जेवण गेलं नाही. माझी कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. बांधाला चुन्याचा पट्टा मारा, असा सल्ला आला होता. मारला. रात्रीच्या पावसात वाहून गेला. चुना लागला तो आम्हालाच. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलंय आणि मुलीच्या क्लासची फी तशीच राहिलीय.

पंचनाम्याला गेलो तर तलाठी म्हणे कृषी सहायकाला आणा, कृषी सहायक म्हणे ग्रामसेवकाला. गोगलगाय एकटीच्या अंगात दोघांचं काम उरकते, तुमच्या तिघांची मिळून एक सही होत नाही. "गोगलगाय आपत्तीत बसत नाही," असंही ऐकवलं. मग 2022 साली लातूर, बीड, उस्मानाबादेत हिच्यासाठीच मदत जाहीर झाली, ती काय होती? गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण आजी कुणाकडं बघून म्हणायची, ते त्या कचेरीच्या पायरीवर कळलं.

विम्याचं तर बोलूच नका. एक रुपयात पीक विम्याची योजना 2025 मध्ये गेली. तेव्हापासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उताऱ्यावर. आमचं पीक दोन पानांवर गेलं, कापणार काय? आणि पिकवलं असतं तरी काय मोठं झालं असतं? 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, माझं सोयाबीन चार हजाराला गेलं. 2025 च्या हंगामाला 5328 जाहीर केला. जाहीर करायला तुमचं काय जातं! तेल बाहेरून आणायचं, भाव आमचा पाडायचा आणि आत्महत्या झाली की समिती नेमायची.

मागणं एवढंच. दुबार पेरणीचं बियाणं द्या, पंचनाम्याला तिघांना एका दिवशी पाठवा, आणि पुढच्या वर्षी औषध 15 मेच्या आत.

कालची पिशवी फोडलेली नाही. लेकराबाळांचा, कुत्र्याचा हात पोचणार नाही अशी माळवदाच्या खुंटीला टांगली आहे. तुमचा माणूस फोटो काढायला येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, मी शेतात असतो.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जिल्हा लातूर