मेडलं फ्रेममध्ये लावण्याआधी

नाशिक रोड

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

चिन्मयचं सव्वीस जानेवारीचं भाषण व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालं. छान लिहिलंय, पण 'माझ्या आजोबांना १९७१च्या युद्धात शौर्यपदकं मिळाली' हे वाक्य आधी काढ. फोनवर म्हणालीस, 'आप्पा, शाळेत कोण एवढं बघतंय?' मी बघतोय की! दुसऱ्यांच्या कागदांवरचे शब्द तपासण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

शौर्यपदक म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र अशी. आम्ही त्रिपुराच्या बाजूला होतो. त्याच भागात, गंगासागरला, लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांनी शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. माझं 'पूर्वी स्टार', म्हणजे पूर्व आघाडीचं मेडल, लढाईच्या मुलखात युनिटबरोबर हजर असलेल्या सगळ्यांना मिळालं: तोफेवरच्या गनरला, लंगरच्या कुकला आणि टाइपरायटर सांभाळणाऱ्या मला. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरावीक राज्यांत ड्युटीवर असलेल्यांचं. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ला वर्दीत असलेल्यांचं. उरलेली दोन नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेची. हजेरीची मेडलं म्हण हवं तर, मला राग नाही.

'मग क्लार्क लढाईत करतो काय?' हे चिन्मयला कुणीतरी विचारेलच. त्याला पार्ट टू ऑर्डर काय असते ते सांग. जवान सुट्टीवर गेला, परत आला, लग्न झालं, मूल झालं, जखमी झाला, गेला, प्रत्येक गोष्टीची नोंद त्या ऑर्डरमध्ये निघते. ती निघाली नाही तर फौजेच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते.

आमच्याकडे खानदेशातला एक गनर होता. लढाईच्या आधीच्या सुट्टीत लग्न करून आला. ग्रामपंचायतीचा दाखला चार घड्या घालून पाकिटात ठेवलेला, अन् 'देतो की बाबूजी, घाई काय' म्हणत फिरायचा. मी मागे लागून तो काढून घेतला. घामाने शाई इतकी पसरली होती की बायकोचं नाव उजेडात धरून वाचावं लागलं. ताडपत्रीखाली, दमट झालेल्या कार्बनवर प्रती काढल्या, साहेबांची सही घेतली आणि एक प्रत आपल्या नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला, म्हणजे तोफखान्यातल्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसला, रवाना केली. डिसेंबरात तो गेला. ती नोंदही मीच टाइप केली. पुढे माझी बदली रेकॉर्ड्सला झाली तेव्हा त्याची फाइल मुद्दाम काढून पाहिली. फॅमिली पेन्शन त्याच्या बायकोच्या नावे सुरू झालेली होती. वीसेक वर्षांची असेल तेव्हा. आपल्या घरी हे कधी बोललो नाही, कारण त्यात माझं काही मोठेपण नव्हतं. ड्युटीच होती ती. पण चिन्मयला भाषणात काही सांगायचंच असेल तर हे सांगू दे. गनरचं नाव विचारू नकोस, ते मी सांगणार नाही.

आता फ्रेमचं. बिटकोजवळच्या दुकानदाराला मेडलं डिंकाने चिकटवू देऊ नकोस. त्यांच्यावर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं, ते खराब होईल. रिबनवर टांगूनच लाव. बघणाऱ्याच्या डावीकडून पूर्वी स्टार, मग संग्राम, मग पंचविशीचं, मग वीस वर्षांचं, शेवटी नऊचं. आईचं म्हणणं, स्टार मध्यभागी शोभून दिसेल. तिचं ऐकू नकोस, एखादा फौजी घरी आला तर हसेल.

आणि माझा वर्दीतला फोटो त्यात नको. मेडलं पुरे.

भाषण दुरुस्त करून परत पाठव, मी तपासून देतो.

तुझे
आप्पा